विरुद्धार्थी शब्द लिहा

माझ्या खिशात एक कागद आहे. चार घड्या घालून ठेवलाय. घामानं शाई फुटलीय, पण एक शब्द अजून साफ वाचता येतो. उद्धट.

हा मेमो आहे. मी ज्या सूतगिरणीत रिंग फ्रेमवर राबतो, तिथल्या ऑफिसनं दिलेला. सदर कामगाराने वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले आहे, सबब तीन दिवसांत लेखी माफी सादर करावी, अन्यथा वगैरे. त्या अन्यथाच्या पुढं काय असतं ते ठेक्यावरच्या माणसाला वाचावं लागत नाही.

मी काय केलं होतं? रात्रपाळी संपली, बदली माणूस आला नाही म्हणून मला तसंच पुढच्या पाळीला उभं केलं. सोळा तास. कानात मशीन, नाकात कापसाची तूस. महिन्यात असं चारदा झालं. पगाराच्या दिवशी मी खिडकीशी गेलो आणि विचारलं, जादा कामाचे पैसे दुप्पट दरानं द्यायचे असतात, कायद्यात आहे, इथं साधेच धरलेत, हिशेब दाखवा. शिवी दिली नाही. टेबलावर हात आपटला नाही. आवाज मोठा होता हे कबूल. रिंग खात्यात राहणाऱ्याचा आवाज मोठाच होतो, मशिनीच्या वरून बोलावं लागतं.

त्याच आठवड्यात आमच्याच खात्यातल्या दुसऱ्या एका गड्यानं त्याच सुपरवायझरची गचांडी धरली. आई-बहीण काढली. हा गडी पाटलाच्या भावकीतला. त्याला मेमो नाही. साहेब म्हणाले, "पोरगं जरा तापट आहे, पण मनाचं मोकळं आहे."

तो गचांडी धरतो, तापट. मी हिशेब मागतो, उद्धट.

त्या रात्री झोप आली नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. आईच्या नावावर बचत गटाचं कर्ज आहे. पण त्याहून जास्त तो शब्द टोचत राहिला. पायात काटा मोडावा तसा. काटा काढायचा तर आधी तो कुठल्या झाडाचा ते बघावं लागतं. म्हणून हे लिहितोय.

१

माझी शाळा दहावीला सुटली. पण मराठीच्या पेपरातला एक प्रश्न मला कधी चुकला नाही. विरुद्धार्थी शब्द लिहा. नम्र, उद्धट. कृतज्ञ, कृतघ्न. कुलीन, अकुलीन. सभ्य, असभ्य. सुसंस्कृत, असंस्कृत. उच्च, नीच. पैकीच्या पैकी मार्क. बाई म्हणायच्या, शाब्बास.

आता तीच यादी परत काढून बघतो तेव्हा दिसतं की त्या यादीत शब्द त्यांचा आहे आणि उपसर्ग आपला. ते सभ्य, आपण अ. ते संस्कृत, आपण अ. ते आर्य, आपण अन्. ते कुशल, आपण अ. मूळ शब्द वाड्यात राहतो, उपसर्ग गावकुसाबाहेर. आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या पणज्याच्या कपाळावरच होतं. अस्पृश्य. त्याच्या उलटा शब्द स्पृश्य. पण पाटील, कुलकर्णी, वाणी हे कधी स्वतःची ओळख स्पृश्य म्हणून सांगत होते का? ते नुसते लोक होते, गाव होते. विशेषण फक्त आपल्याला लागलं होतं.

उपसर्गानं भागलं नाही तिथं माणसांच्या जमातीच उचलून शिव्या केल्या. भामटा म्हणजे ठक, असं तुम्ही-आम्ही रोज बोलतो. भामटा हे जमातीचं नाव आहे, सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. बेरड म्हणजे निलाजरा, निर्ढावलेला. बेरड ही हाडामांसाची माणसं आहेत, त्यांनाही म्हातारी आई असते. उगाच खोदून खोदून विचारणारा चांभारचौकशा करतो. दुसऱ्याचे जोडे शिवता शिवता चांभारानं कुणाची कसली चौकशी केली होती? दोन भाषांची भेसळ झाली की ती धेडगुजरी. धेड म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या बापानं आईला नाव दिलं नाही तो अक्करमाशी, बारा माशांच्या तोळ्यातला एक मासा कमी. बाप मात्र पूर्ण तोळ्याचा.

म्हणजे मराठीत स्वभाव सांगायचा म्हटलं की जात सांगितली जाते. आणि पोरांना आपण सांगतो, भाषा आपली आई आहे. असेल. पण ह्या आईच्या ताटात लेकरांना वेगवेगळं वाढलंय.

२

हे वाढप कोणी केलं?

शाळेत गीतापाठांतराची स्पर्धा होती. मी अठराव्या अध्यायातले श्लोक घडाघडा म्हणून दाखवले. अर्थ कळत नव्हता. पुढं रद्दीच्या दुकानात सार्थ गीता मिळाली, दहा रुपयांत. तेव्हा बोटं मोजून हिशेब केला. गिरणी कामगार आहे, मोजायची सवय आहे. चार वर्णांचा स्वभाव तिथं सांगितलाय. ब्राह्मणाच्या वाट्याला नऊ गोष्टी, मनाचा संयम, तप, शुचिता, क्षमा, ज्ञान अशा. क्षत्रियाला सात, शौर्य, तेज, धीर, दातृत्व अशा. वैश्याला तीन, शेती, गुरं, व्यापार. आणि शूद्राला एक. सेवा. पहिल्या दोघांना गुण दिले, पुढच्या दोघांना कामं दिली. आणि हे सगळं म्हणे स्वभावातूनच जन्मलेलं.

नऊ, सात, तीन, एक. त्याच्या पुढचा आकडा तुम्ही-आम्ही. शून्य.

मनुस्मृतीत तर नाव कसं ठेवावं तेही सांगितलंय. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. आमच्या खानदानात धोंडू, दगडू, कचरू अशी नावं पिढ्यान् पिढ्या होती. दुसऱ्या जातींतही मूल जगावं म्हणून अशी नावं ठेवत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यात कचरू एखादा असे, आमच्यात आळीभर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. आमच्या घरात त्यानंतर कचरू जन्मला नाही. भीमराव जन्मला, गौतम जन्मला, सिद्धार्थ जन्मला. पुस्तकं जाळून काय होतं असं विचारणाऱ्यांनी जन्माची नोंदवही बघावी.

इंग्रज आला. त्याला काय वाटलं? हे सामान आयतंच मिळालं. १८१८ ला भीमा-कोरेगावला त्याच्याकडून लढलेला महार १८९२ च्या सुमारास एकाएकी लढाऊ राहिला नाही. भरती बंद. लढाऊ जाती आणि बिगर-लढाऊ जाती, असे विरुद्धार्थी शब्द लंडनच्या शाईत लिहिले गेले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१७ साली महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा महारांची पलटण उभी केली. म्हणजे आम्ही परत शूर. युद्ध संपलं, पलटण मोडली, परत भित्रे. १९४१ ला पुन्हा युद्ध, पुन्हा महार रेजिमेंट, पुन्हा शूर. शौर्य हा अंगातला गुण असता तर असा पाळीनं आला-गेला असता का? ही तर बदली कामगाराची हजेरी झाली. काम असेल तर ये, नसेल तर गेटाबाहेर.

आणि १८७१ चा कायदा. त्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानं ते लोण देशभर नेलं. पारधी, कैकाडी, टकारी, मांगगारुडी. अजून पाळण्यात आहे ते पोर गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होतं, तिथल्या बाया-बापड्यांना हजेरी देऊन गिरणीत राबावं लागे. माझ्या धंद्यातले थोरले ते. हा कायदा १९५२ साली गेला. शब्द गेला? तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जातीवर कामं वाटायचे आणि भटक्यांना पळून जाण्याची खोड असते असं धरून चालायचे नियम पुढं कित्येक वर्षं तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयानं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द केले. बहात्तर वर्षं. एवढ्या काळात आमच्या गिरणीत तीनदा मशिनी बदलल्या असत्या.

आता गिरणीचंच बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धागा भोकातून तोंडानं ओढावा लागे. महाराच्या तोंडाचा धोटा मराठा कसा तोंडाला लावणार? म्हणून आपला माणूस रिंगवर, हलक्या पगारावर. दिवसभर तुटलेले धागे सांधणारी ही बोटं लूमवर चालत नव्हती असं नाही. तोंड चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्यांनी तो नाखुशीनंच मागण्यांत घेतला.

इथवर आल्यावर मला माझ्या मेमोचा धागा सापडला.

बघा, महारानं विचारलं, लूमवर का नाही? उत्तर मिळालं, तू विटाळाचा. शिपायानं विचारलं, भरती का बंद? तू लढाऊ नाहीस. पारध्यानं विचारलं, जंगल कुठं गेलं, जमीन कुठं आहे? तू गुन्हेगार. मी विचारलं, चार पाळ्यांचे पैसे कुठं आहेत? तू उद्धट.

जिथं हिशेब द्यायचा नसतो, तिथं विशेषण देतात.

एवढंच मला सांगायचंय. बाकी सगळं ह्या एका ओळीची फोड आहे.

३

कुणी म्हणेल, आपल्याला चांगले शब्दही दिले होते की. दिले होते. महार इमानी. मांग काटक. आमचा पणजा गावचा येसकर. रात्री गस्त, दिवसा टपाल, मेलेलं ढोर ओढणं, मयताची खबर परगावी नेणं, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं. ह्या सगळ्याचा मोबदला काय? वतनाचा तुकडा, शिळी भाकर आणि वर "म्हातारा लई इमानी" हा एक शब्द. अहो, इमानी कुत्रंही असतं. इमानी हे पगाराऐवजी दिलेलं विशेषण आहे. शिवी दिली तरी हिशेब चुकतो, शाबासकी दिली तरी हिशेब चुकतो. शाबासकी जास्त वाईट, कारण ती आपण पोरांना कौतुकानं सांगतो.

बाबासाहेबांना हे बरोब्बर कळलं होतं. १९२८ ला त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर दुरुस्तीचं बिल आणलं. तेव्हा आपल्यातलेच काही म्हातारे रडले, वतन गेलं तर गावात मान राहील का? मान! शेवटी ती वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. त्या कायद्याच्या इंग्रजी नावातसुद्धा वतनाच्या आधी इन्फिरिअर हा शब्द आहे. हलकी वतनं. मरतानासुद्धा विशेषण सुटलं नाही.

हरिजन हा शब्दही असाच गोड. देवाची माणसं म्हणे. मग बाकीचे कोणाचे? १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या माणसांसह उठून बाहेर पडले. साखर लावली तरी ते विशेषणच होतं, आणि हिशेब तसाच थकलेला.

आज आता तोंडावर जातीची शिवी कमी देतात. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, भीती आहे. म्हणून कोश बदललाय. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी सुसंस्कृत, घरंदाज, शालीन पाहिजे आणि शेवटी बारीक अक्षरात एससी, एसटी क्षमस्व. क्षमस्व! काय नम्र शब्द आहे, बघा. खोली भाड्यानं बघायला गेलो तर मालकीण विचारते, तुम्ही स्वच्छ राहता ना? आमच्या इथं फॅमिलीवाले, संस्कारी लोक आहेत. कॉलेजातल्या पोराला म्हणतात, मेरिट नाही. मीटिंगमध्ये बोललं की आक्रमक, गप्प बसलं की न्यूनगंड. माझ्या चार कविता एका संपादकानं परत पाठवल्या, वर लिहिलं होतं, आशय प्रामाणिक पण अभिव्यक्ती संयत हवी. संयत. त्याचा विरुद्धार्थी शब्द आक्रस्ताळा. सोळा तास उभं राहून लिहिलेली ओळ संयत कशी असते ते एकदा दाखवा म्हणावं.

ह्या शब्दांवर ॲट्रॉसिटी लागत नाही. उद्धटवर लागत नाही. ते सगळे शब्द धुतलेले, इस्त्री केलेले आहेत.

आणि बाईच्या बाबतीत तर एकच शब्द पुरतो. चारित्र्य. पुरुषाचं चारित्र्य म्हणजे त्याचा जन्मभराचा व्यवहार. बाईचं चारित्र्य म्हणजे तिचं अंग. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. आई, मुलगी, दोन मुलगे. चौघांना मारलं. जमिनीचा वाद होता, साक्ष होती, शिकणारी मुलं डोळ्यांत सलत होती. आणि कुजबूज कशाची सुरू झाली? त्या आईच्या चारित्र्याची. चार मढ्यांचा हिशेब द्यायचा नव्हता, म्हणून मेलेल्या बाईला विशेषण दिलं.

४

मग करायचं काय?

आपल्यातले काही तरणे गडी म्हणतात, सोप्पं आहे, उलटून मारा. हो, आम्ही उद्धट. आम्ही माजलेले. टी-शर्टवर छापा. मला पण मजा वाटते त्यात, नाही असं नाही. आपल्या लेखकांनी हे रस्ते आधी काढले आहेत. उपरा, अक्करमाशी, उचल्या. अंगावर फेकलेला दगड उचलून त्यांनी त्याचं पुस्तक केलं, मुखपृष्ठावर तोच शब्द ठेवला, आणि आतल्या पानांत अख्ख्या समाजाचा हिशेब मांडला. लक्षात घ्या, हिशेब मांडला. नुसता दगड छातीला लावून मिरवला नाही. आतली पानं कोरी असतील तर तो शब्द त्यांचाच राहतो. चिन्ह बदललं, माप त्यांचंच.

माप बदलायचं कसं, हे मला बुद्धविहारातल्या कपाटात सापडलं. सुत्तनिपातात वसलसुत्त आहे. बुद्ध श्रावस्तीत भिक्षेला निघालेत. एक अग्नी पूजणारा ब्राह्मण लांबूनच ओरडतो, थांब तिथंच, मुंडक्या, वसला. वसल म्हणजे वृषल, म्हणजे आपल्या भाषेत काय ते तुम्ही समजा. आता बुद्ध काय करतात? रागावत नाहीत. मी वसल नाही असंही म्हणत नाहीत. होय मी वसल, अशी छातीही ठोकत नाहीत. ते त्याला विचारतात, वसल म्हणजे कोण, हे तुला माहीत आहे का? भटजीला माहीत नाही! शिवी तोंडात आहे, अर्थ माहीत नाही. मग बुद्ध त्याला सांगत बसतात. कर्ज घेऊन, मी घेतलंच नाही म्हणतो, तो वसल. ऐपत असून म्हाताऱ्या आई-बापाला पोसत नाही, तो वसल. स्वतःच्या फायद्यासाठी खोटी साक्ष देतो, तो वसल. जन्मानं कोणी वसल नाही, जन्मानं कोणी ब्राह्मण नाही. कर्मानं होतो.

काय केलं बघा. विशेषण आलं, आणि त्यांनी हिशेब मागितला. तुझ्या शब्दाचा अर्थ सांग. सांगता येत नाही? मग मी सांगतो, आणि ह्या मापानं आधी तुझं वजन करू. अडीच हजार वर्षांपूर्वी. आपल्या बापानं हे असं शिकवून ठेवलंय, आणि आपण अजून शिवीला शिवी जोडतोय.

बाबासाहेबांनी तेच केलं. फेब्रुवारी १९३८, मनमाड, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद. ते म्हणाले, कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच सांगितलं, ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात मी म्हणत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणं म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्या जातींत मुरलेली आहे. जन्माचा शब्द कर्माचा करून टाकला.

त्यांच्या पेपरांची नावं ओळीनं लावून बघा. १९२० मूकनायक. १९२७ बहिष्कृत भारत. १९२८ समता. १९३० जनता. १९५६ प्रबुद्ध भारत. मुका, मग बहिष्कृत, मग समतेचा मागणारा, मग जनता, मग प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एका समाजाचं विशेषण कुठून कुठं नेलं. आणि एकही शब्द फुकट घेतला नाही. चवदार तळं, काळाराम मंदिर, वतन बिल, मजूर पक्ष, संविधान, धम्मदीक्षा. प्रत्येक शब्दाच्या मागं पावती आहे.

५

आता कडू भाग. इथं पान उलटू नका.

मनमाडचं ते वाक्य, की ती सगळ्या जातींत मुरलेली आहे. सगळ्या म्हणजे आपणही.

आमच्या वस्तीत जयंतीनंतरची मीटिंग होती. घंटागाडीवर काम करणारी एक मावशी उठली. तिनं विचारलं, वर्गणी किती जमली, डीजेला किती गेले, पोरांच्या अभ्यासिकेला ठेवायचे म्हणत होता ते कुठं हायेत? मीटिंगमध्ये एकदम शांतता. मग एक कार्यकर्ता म्हणाला, ही बाई लई तोंडाळ. दुसरा म्हणाला, बायांनी कसं बोलावं त्याला काही रीत? तिसरा हळूच म्हणाला, हिला विरोधी गटानं पाठवलंय. पोरं हसली.

मीही तिथं बसलो होतो. मीही हसलो.

ही गोष्ट मेमोच्या महिनाभर आधीची. मेमो हातात पडला त्या रात्री झोप का आली नाही, ते आता सांगतो. तो शब्द मला ओळखीचा वाटला होता. तोंडाळ आणि उद्धट ह्यांच्यात फरक कितीसा? ती हिशेब मागत होती, आम्ही विशेषण दिलं. आमच्या स्टेजमागं बाबासाहेबांचा फोटो होता आणि आमच्या तोंडात सुपरवायझर होता.

आपला कोश उघडून बघा. भित्र्याला आपण काय म्हणतो? बायल्या. बांगड्या भर. म्हणजे भित्रेपणाचं नाव बाईवरून. महाडच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांसमोर वेगळं भाषण केलं, नेसणं बदला म्हणाले, आणि त्यांनी रातोरात लुगडी नेसायची तऱ्हा बदलली. त्या बायांच्या नाती आपल्या शब्दकोशात भित्र्याच का? आपल्यातले महार मांगाला काय म्हणतात, मांग महाराला काय म्हणतात, दोघं मिळून मेहतराला काय म्हणतात, इथं लिहीत नाही. तुम्हाला पाठ आहे. ती चळत आपण बनवली नाही हे खरं, पण सांभाळतोय आपणच.

आणि चळवळीचा कोश? दोन शब्दांचा. निष्ठावंत, गद्दार. ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला, थोड्याच वर्षांत फुटला, मग फुटतच गेला. १९७२ ला पँथर उठली, १९७४ ला फुटली. मतभेद खरे होते, मोठे होते. जमीन आधी की धम्म आधी, युती करायची की नाही, मार्क्सचं काय करायचं. हे प्रश्न सोडवायला वाद घालावा लागतो, कागद मांडावे लागतात. पण गद्दार म्हटलं की काम संपतं. ज्यानं प्रश्न विचारला तो विकला गेलेला. कितीला, कुणाला, कधी, पुरावा काय, काही सांगावं लागत नाही. बघा, परत तेच. हिशेब नको, विशेषण घे. हे यंत्र आपण त्यांच्याकडून उसनं आणलंय, आणि त्यांच्यापेक्षा जास्त पाळ्यांत चालवतोय.

मी म्हणत नाही की विशेषणं टाकून द्या. विशेषणाशिवाय भांडता येत नाही आणि मला भांडायचंय. लबाडाला लबाड म्हणा. पण आधी पावती दाखवा. त्यानं काय केलं ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे. सांगता आलं तर शब्द वापरा, छाती ठोकून वापरा. नाही सांगता आलं, तर तो शब्द गिळा. कडू लागेल. गिळा.

आणि शाळेतली ती यादी खोडा. नम्रच्या समोर उद्धट लिहिलंय, ते चूक आहे. नम्र माणूसही हिशेब मागू शकतो. बुद्धानं मागितला. उद्धटच्या समोर, मला वाटतं, लाचार हा शब्द त्यांना पाहिजे आहे, फक्त लिहायची लाज वाटते म्हणून नम्र लिहिलंय. आपल्या पोरांना आपण शिकवू. लाचारच्या विरुद्ध स्वाभिमानी. इमानीच्या विरुद्ध मोकळा. अ हा उपसर्गही आपला आहे, तोही वाईट नाही. अभय त्यानंच होतं. अहिंसा त्यानंच होते.

६

मेमोचा तिसरा दिवस काल होता.

परवा संध्याकाळी मी त्या मावशीच्या घरी गेलो. आधी मीटिंगमध्ये हसलो त्याची माफी मागितली. ती माफी मला कुणी मेमो देऊन मागितली नव्हती. ती म्हणाली, "हसलास तवा बघितलं व्हतं म्या." बास. मग मी तिला मेमो दाखवला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. वरिष्ठांशी, उद्धट, वर्तन, अन्यथा, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"मंग? हिसाब दिला का त्येंनी?"

दोस्तांनो, मी रद्दीतली पुस्तकं वाचून, रात्र जागून, एवढी पानं लिहून जिथं पोचलो, तिथं ती एका श्वासात पोचली होती.

काल मी उत्तर दिलं. माफी लिहिली नाही. शिवीही लिहिली नाही. चार तारखा लिहिल्या, चार पाळ्यांचे तास लिहिले, दर लिहिला, येणं बाकी किती ते लिहिलं. खाली लिहिलं, माझ्या वर्तनात नेमका कोणता शब्द किंवा कृती उद्धट होती ते लेखी कळवावे, म्हणजे उत्तर देता येईल. शाळेत अर्जाच्या शेवटी आपला आज्ञाधारक असं लिहायला शिकवलं होतं. हात तिथवर गेला, सवय आहे. थांबलो. नुसतं नाव लिहिलं आणि सही केली. खात्यातल्या अजून दोघांनी स्वतःच्या तारखा काढून ठेवल्यात. त्यातला एक पाटलाच्याच भावकीतला आहे. त्याच्याही जादा पाळ्या बुडाल्यात. तापट असून उपयोग झाला नाही त्याला.

नोकरी राहते की जाते ते ह्या महिन्यात कळेल. येत्या रविवारी वस्तीत मीटिंग आहे. जयंतीचा जमाखर्च फळ्यावर लिहायचा, असा विषय मी मांडणार आहे. माझीही वर्गणी दोन वर्षांची थकलीय. माझं नाव थकबाकीदारांत पहिलं लिहा, असंही सांगणार आहे.

कुणीतरी मला आगाऊ म्हणेल. म्हणू द्या. मी विचारीन, म्हणजे काय?

जय भीम.